आगीनगाडीच्या आठवणी : बार्शी लाईट रेल्वेचा लोकइतिहास

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एकाच्या डोळ्यांत वाफेच्या इंजिनाचे नुसते नाव काढताच चमक येते. इंजिनाला चाके किती होती, त्याची शिट्टी कशी होती, चढणीवर त्याचा श्वास कसा लागत असे, हे तो तासन्‌तास सांगू शकतो. दुसरा माणूस त्याच गाडीने वर्षानुवर्षे प्रवास केलेला असतो. तो हात झटकून म्हणतो, "गेली ते बरे झाले. अर्धा जन्म त्या गाडीत बसून गेला." हे दोघेही खरे बोलत असतात. मिरज ते लातूर या पट्ट्यात धावलेल्या बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या दोघांचेही ऐकून घ्यावे लागेल. आणि ज्यांना सहसा कोणी विचारत नाही अशा तिसऱ्या माणसाचे, म्हणजे इंजिनाच्या भट्टीपुढे उभे राहून आयुष्य काढलेल्या कामगाराचे म्हणणे सर्वांत आधी टिपून ठेवावे लागेल. आजच्या भाषणाचे प्रयोजन एवढेच आहे.

मार्गाचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती. मुंबई–मद्रास या मुख्य लोहमार्गावरील सर्वांत जवळचे स्थानक म्हणजे कुर्डुवाडी. त्या काळी त्याला 'बार्शी रोड' असे नाव होते. पेठ आणि स्थानक यांच्यामध्ये सुमारे २१ मैलांची बैलगाडीची वाट होती. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत आणि मालाच्या गासड्या वाटेतच अडकून पडत. एवरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही अडचण हेरली. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मुख्य मार्गाला माल आणून देणारे छोटे, स्वस्त उपमार्ग हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. मुख्य मार्गावरील ब्रॉडगेजचे अंतर साडेपाच फूट असते. त्याच्या निम्म्यापेक्षाही हे कमी. १९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोचला. दुसऱ्या बाजूने तो तडवळ्यावरून पुढे सरकत १९११ मध्ये, त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या लातूरला गेला. १९२७ मध्ये पंढरपूर ते मिरज हा भाग पूर्ण झाला आणि मार्गाची एकूण लांबी सुमारे २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली. ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि दक्षिणेतील संस्थाने अशा निरनिराळ्या अंमलांखालील गावे या अरुंद रुळांनी एकमेकांना जोडली होती. कॅलथ्रॉपचा मृत्यूही १९२७ याच वर्षी झाला. स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९५४ रोजी, ही रेल्वे भारत सरकारच्या मालकीची होऊन मध्य रेल्वेत समाविष्ट झाली.

पाच टनांचा हिशेब

रेल्वेप्रेमी मंडळी या छोट्या मार्गाला जगाच्या रेल्वे-इतिहासात एवढे मानाचे स्थान का देतात, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात सापडते. बैलगाडीला जसा आस असतो, तसे इंजिनाला आणि डब्यांना अनेक आस असतात, आणि प्रत्येक आसाचा भार रुळावर पडतो. त्या काळच्या अनेक छोट्या मार्गांवर इंजिन जड आणि डबे हलके असत. रूळ मात्र जड इंजिनाला पेलतील असे भक्कम टाकावे लागत. म्हणजे इंजिनासाठी केलेला खर्च डब्यांच्या उपयोगी पडत नसे. कॅलथ्रॉपने असा नियम घातला की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येऊ नये, आणि वाघिणी मात्र त्या मर्यादेपर्यंत भरून चालाव्यात. त्यामुळे दर यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले आणि त्या हलक्या रुळांचा पुरेपूर उपयोगही झाला.

या मार्गासाठीची पहिली पाच इंजिने लीड्स येथील किट्सन कंपनीने बांधली. एका इंजिनाला ओढणारी आठ चाके आणि त्यांच्या मागे भार वाहणारी चार चाके, अशी सहा आसांवर वजनाची वाटणी केलेली होती. वाघिणींचे सांगाडे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे असल्याने हलके आणि मजबूत होते. डबे व वाघिणी फिरत्या चौचाकी गाड्यांवर, म्हणजे बोगींवर बसविलेल्या असल्यामुळे त्या तीव्र वळणे सहज घेत. पुढे मार्ग वाढला तशी अधिक मोठी इंजिने आली आणि कुर्डुवाडी येथे या अरुंदमापी गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. सोलापूर जिल्ह्यातील एक लहानसे जंक्शन अशा रीतीने कुशल कारागिरांचे गाव बनले.

भट्टीपुढची माणसे

वाफेच्या इंजिनाविषयी बोलताना लोक यंत्राचे वर्णन करतात. ते चालविणाऱ्या माणसांचे कष्ट त्या धुरात दिसेनासे होतात. डिझेलचे इंजिन कळ फिरवली की काही क्षणांत जागे होते. वाफेच्या थंड इंजिनात दाब तयार होण्यास कित्येक तास लागत. पहाटेची गाडी सुटायची असेल तर कोणीतरी मध्यरात्रीच उठून भट्टीची जाळी साफ केलेली असे, राख काढलेली असे, लाकूड आणि तेलाच्या चिंध्या पेटवून त्यावर थोडा थोडा कोळसा पसरलेला असे.

कोळसा टाकणे हे वरवर पाहणाऱ्यास अंगमेहनतीचे काम वाटते. जाणकार फायरमनच्या दृष्टीने ते नेमकेपणाचे काम होते. कोळशाचा थर फार जाड झाला की विस्तव गुदमरतो आणि काळा धूर सुटतो. फार पातळ झाला की थंड हवा आत शिरून वाफेचा दाब उतरतो. पुढे चढण आहे हे ओळखून चढणीच्या आधीच आग तयार ठेवावी लागे, आणि उतार आला की ती आवरावी लागे. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचेच्या नळीवर सतत नजर ठेवावी लागे. ती पातळी धोक्याच्या खाली गेली तर भट्टीचा माथा उघडा पडून स्फोट होण्याची भीती असे. ड्रायव्हर आणि फायरमन यांना मार्गाचा प्रत्येक चढउतार, प्रत्येक वळण अंधारातही ठाऊक असावे लागे. बार्शीकडून येडशीकडे जाताना बालाघाटाच्या डोंगररांगेची चढण लागते. पावसाने रूळ ओले झाले की अशा चढणीवर चाके जागच्या जागी फिरू लागत. मग चाकांपुढे रुळावर वाळू सोडून पकड मिळवावी लागे. हे ज्ञान हाताने, कानाने आणि नाकाने शिकावयाचे असे. वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे ते पोचत असे ते इंजिनाच्या पायठ्यावरच.

या मार्गाची आणखी एक अडचण होती, ती पाण्याची. वाफेचे इंजिन कोळशापेक्षाही पाण्याला अधीर असते. मार्गातील ठरावीक स्थानकांवर टाकी, नळखांब आणि विहीर यांची व्यवस्था असल्याखेरीज ते पुढे जाऊ शकत नाही. सांगोला, पंढरपूर, बार्शी, लातूर हा सारा मुलूख कमी पावसाचा. दख्खनच्या विहिरींचे पाणी बहुधा जड. ते उकळले की बॉयलरच्या नळ्यांच्या भोवती क्षारांचे किटण धरते. म्हणून इंजिन ठरावीक काळाने थंड करून आतून धुवावे लागे. दुष्काळी प्रदेशात इंजिनाची तहान भागविणे हे रेल्वेचे रोजचे काम होते. पाणक्या, खलाशी, राख काढणारा, बॉयलर धुणारा, रुळांची ठोकठाक करणारा गँगमन आणि त्यांचा मुकादम, ही माणसे कोणत्याही छायाचित्रात सहसा आढळत नाहीत. गाडी मात्र त्यांच्याच जिवावर धावत असे.

प्रवाशांच्या आठवणी

मार्गावरील गावांत बोलावयास बसले की पंढरीच्या वारीचा उल्लेख हटकून होतो. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रांना पायी दिंड्या जात तशाच गाड्याही भरून जात. डबे अपुरे पडत आणि माणसे टपावर चढून बसत. इंजिनाच्या धुरातील कोळशाचे कण डोळ्यांत जात, कपड्यांवर काळे डाग पडत, क्वचित ठिणगीने धोतराला भोकही पडे. तरीही चंद्रभागेच्या काठी नेऊन सोडणारी गाडी म्हणून तिच्याविषयी भाविकांच्या मनात आपुलकी होती. बाजाराच्या दिवशी शेतमालाची गाठोडी, कोंबड्यांच्या पाट्या आणि भाजीच्या टोपल्या माणसांबरोबर प्रवास करीत. माहेरवाशिणी, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, कोर्टाच्या तारखेला जाणारे पक्षकार, या साऱ्यांची वेळ गाडीच्या शिट्टीशी बांधलेली असे. घड्याळ नसलेल्या घरांत जेवणाची आणि गुरे सोडण्याची वेळही तीच शिट्टी सांगत असे.

गाडी इतकी सावकाश चाले की प्रवाशाने खाली उतरावे, वाटेतल्या झाडाच्या चिंचा पाडाव्यात आणि पुन्हा मागच्या डब्यात चढावे, अशी गोष्ट सर्वत्र ऐकावयास मिळते. ही गोष्ट महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक छोट्या रेल्वेविषयी सांगितली जाते, हे लक्षात ठेवले पाहिजे. चढणीवर असे घडलेही असेल. परंतु ज्या गोष्टीवर सगळे हसतात, तिच्या मागे एक कटू वस्तुस्थिती होती. रुग्णाला मिरजेच्या दवाखान्यात न्यावयाचे असेल तर तीच सावकाश चाल जिवावर बेतू शकत असे. नोकरीच्या मुलाखतीला उशिरा पोचलेल्या तरुणाला त्या गमतीचे हसू आले नसेल. आठवण सांगणारा कोणत्या कामासाठी गाडीत बसला होता, हे विचारल्याशिवाय आठवणीचा अर्थ पुरता लागत नाही.

दूरदेशीचे रेल्वेप्रेमी

देशोदेशीच्या रेल्वेप्रेमी मंडळींना बार्शीचे नाव ठाऊक आहे. इंजिनांची चित्रे, वेळापत्रके, तिकिटे जमविणारे, घरच्या मेजावर हुबेहूब लहान प्रतिकृती तयार करणारे असे हे लोक असतात. त्यांच्या आस्थेला एक थेट कारण आहे. बार्शीच्या अनुभवानंतर कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड या नावाची छोटी रेल्वे उभारण्याच्या कामी अभियंता म्हणून काम केले. १९०४ मध्ये ती सुरू झाली. रुळांचे अंतर तेच, अडीच फूट. इंजिने बांधणारी कंपनीही तीच, लीड्सची किट्सन. डब्यांच्या दोन्ही टोकांना उष्ण देशांतल्यासारखे सज्जे होते. एरवी यंत्रे आणि पद्धती विलायतेतून हिंदुस्थानात येत. येथे मात्र सोलापूर जिल्ह्यात कसास लागलेली रीत विलायतेला गेली.

ती रेल्वे दुर्गम खोऱ्यातून जात होती. तिला पुरेसे उतारू मिळाले नाहीत आणि १९३४ मध्ये ती बंद पडली. इंजिने मोडीत निघाली. परंतु तिची जागा परगणा मंडळाकडे देण्यात आली आणि १९३७ मध्ये तेथे पायी फिरण्याचा रस्ता झाला. आजही माणसे त्या वाटेने चालतात. ज्यांनी ती गाडी कधी पाहिली नाही असे लोकही तिचे रंग, मापे, पुलांच्या जागा अचूक सांगू शकतात. कारण पाहणाऱ्यांनी त्या वेळी टिपणे केली, छायाचित्रे काढली आणि ती सांभाळली. वेल्समधील टॅलिलिन ही जुनी रेल्वे तर १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली. हौशी लोकांनी वाचविलेली जगातील ती पहिली रेल्वे होय. आपल्या देशातही दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून जुन्या इंजिनांचे जतन करीत आहे.

या उदाहरणांचे जसेच्या तसे अनुकरण करणे आपल्याकडे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. एक इंजिन चालते ठेवण्यास मोठा खर्च येतो. परंतु वही आणि पेन्सिल यांना फारसा खर्च येत नाही, आणि स्टॅफर्डशायरच्या रेल्वेपैकी जे खऱ्या अर्थाने टिकले, ते वहीमुळेच टिकले.

हमालांच्या पाठीवरचा माल

गाडी बंद का पडली, हाही आठवणींइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. अरुंद मार्गाचा मोठा दोष वेगात नव्हता. तो जंक्शनवर उघडा पडत असे. लातूरहून निघालेली मालाची वाघीण कुर्डुवाडीला पोचली की तिथेच थांबे, कारण तिची चाके ब्रॉडगेजवर चालू शकत नसत. प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. त्यात वेळ जाई, मजुरी लागे, पोती फाटत, माल सांडे. मिरजेला तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत होते. कॅलथ्रॉपलाही हा दोष ठाऊक होता. इंग्लंडमधील रेल्वेवर त्याने मोठ्या मापाची वाघीण उचलून छोट्या रुळांवरून नेणाऱ्या खास वाहक गाड्या वापरल्या. आपल्याकडे मात्र हमालाची पाठ हाच दोन मापांमधला पूल राहिला.

ट्रक आणि एस. टी. गावोगाव पोचल्यावर माल व उतारू तिकडे वळणे स्वाभाविक होते. वाफेच्या इंजिनांचा काळही संपत आला होता. चित्तरंजनच्या कारखान्यातील वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ मध्ये थांबली. या मार्गावर पुढे डिझेल इंजिने आली, आणि मार्ग रुंद करावा ही लोकांची मागणी जोर धरू लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात ते काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. लातूर ते कुर्डुवाडी हा भाग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. त्या वेळी मार्गाला वळण देऊन धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, हे जिल्ह्याचे ठिकाणही रेल्वेने जोडले गेले. त्यानंतर पंढरपूर–मिरज हा अखेरचा तुकडाही रुंद झाला आणि अडीच फुटी रुळांचा इतिहास संपला.

तो निर्णय योग्य होता की नाही, याचे उत्तर दोन घटनांनी दिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर भीषण पाणीटंचाईत सापडले असता मिरजेहून रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. पहिल्या गाडीच्या १० टाकी-वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला पोचले. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. 'जलदूत' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीचा मार्ग मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा होता. म्हणजे बार्शी लाईट रेल्वेची दोन टोके तिने जोडली. ज्या वाटेवर पूर्वी इंजिनालाच पाण्याची भ्रांत पडत असे, त्या वाटेने एका शहराचे पिण्याचे पाणी गेले. टाकी-वाघिणी राजस्थानातील कोटा येथून तयार होऊन आल्या होत्या. रुळांचे माप एक नसते तर त्या या मार्गावर येऊच शकल्या नसत्या. दुसरी घटना २८ डिसेंबर २०२० ची. शेतमाल वाहणारी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला रवाना झाली. सांगोल्याचे डाळिंब एकदा गाडीत चढले की देशाच्या दुसऱ्या टोकालाच उतरू शकते, हे अरुंद मार्गाच्या काळात संभवनीय नव्हते.

म्हणून जुन्या गाडीविषयीचे प्रेम हे नव्या गाडीविषयीच्या तक्रारीचे रूप घेऊ लागले, तर ते मार्गावरच्या माणसांवर अन्याय करणारे ठरेल. त्याचबरोबर, सोय झाली म्हणून मागचे सारे विसरून जावे, हेही शहाणपणाचे नव्हे. शंभर वर्षांच्या वर हजारो माणसांनी जे कौशल्य कमावले, ते सोयीच्या हिशेबात कोठेही नोंदले जात नाही.

करावयाचे काम

या कामाला मुदत आहे, आणि ती माणसांच्या वयाने ठरलेली आहे. विदर्भातील 'शकुंतला' या नावाने परिचित असलेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या छोट्या मार्गांवर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन आज साठीच्या घरात आहे. बार्शी मार्गावरील वाफेच्या दिवसांचे साक्षीदार बहुतेक त्याहूनही वयस्क आहेत. इंजिन संग्रहालयात ठेवता येते, परंतु ते चढणीवर कसे चालवावे हे सांगणारा माणूस संग्रहालयात ठेवता येत नाही.

मार्गावरील आणि मार्गाजवळील शाळांनी हे काम हाती घ्यावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील सेवानिवृत्त रेल्वे कामगार, त्यांच्या पत्नी, जुने हमाल, स्थानकाबाहेर चहा विकणारे आणि नित्य प्रवास केलेली माणसे यांची भेट घ्यावी. प्रश्न नेमके असावेत. पहाटेच्या गाडीसाठी किती वाजता उठावे लागे? पाणी कोठे भरत? कोणत्या चढणीवर इंजिन अडे? कोळसा टाकण्याच्या, रूळ ठोकण्याच्या कामातील खास शब्द कोणते? १९७२ च्या दुष्काळात या गाडीने धान्य, चारा आणि कामाच्या शोधात निघालेली माणसे कशी नेली? अपघात कोणते झाले आणि जखमींचे पुढे काय झाले? स्त्रियांना स्वतंत्र डबा होता काय, आणि त्या एकट्या प्रवास करीत काय? "गाडी कशी होती?" या प्रश्नाला "फार छान होती" असेच उत्तर मिळते, नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे लिहावेत, त्याच्या बोलीत सुधारणा करू नये. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. भ्रमणध्वनीवर त्याचा आवाज मुद्रित करून ठेवावा. दोन माणसांच्या सांगण्यात फरक आढळला तर एकाला खोटे ठरविण्याची घाई करू नये. दोन्ही नोंदी ठेवून जुनी वेळापत्रके, तिकिटे, सेवापुस्तके किंवा पत्रे यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. स्मरण वर्षांच्या बाबतीत चुकते. कामाच्या बाबतीत ते क्वचितच चुकते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील जुने स्थानक, टाकीचा चौथरा, विहीर, लहान पूल आणि जेथे नव्या मार्गाने वेगळे वळण घेतले तेथील जुना भराव यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. ही जागा व वस्तू बहुधा रेल्वेच्या मालकीच्या आहेत. तेव्हा रेल्वे प्रशासनाच्या परवानगीवाचून काहीही हलवू नये, आणि विद्यार्थ्यांना चालू मार्गावर कदापि नेऊ नये. तयार झालेल्या नोंदींची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि एक जिल्हा ग्रंथालयात राहील अशी व्यवस्था करावी. गटविकास अधिकारी आणि शिक्षण विस्तार अधिकारी यांनी एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. खानदेशातील पाचोरा–जामनेर किंवा विदर्भातील पुलगाव–आर्वी यांसारख्या छोट्या मार्गांवरील गावांनाही हीच पद्धत लागू पडेल.

दूरदेशीच्या रेल्वेप्रेमींनी बार्शीच्या इंजिनांची चाके मोजून ठेवली आहेत, त्यांची मापे आणि बांधणीची वर्षे लिहून ठेवली आहेत. त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु कुर्डुवाडीच्या शेडमध्ये मध्यरात्री भट्टी पेटविणाऱ्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. ते नाव त्याच्या गावाला ठाऊक आहे, आणि ते लिहून ठेवण्याचे काम गावाचेच आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मार्गावरील प्रत्येक शाळेने अशा निदान पाच माणसांची नोंद पुरी केली, तर मिरज ते लातूर या पट्ट्याचा जो इतिहास तयार होईल, तो कोणत्याही कंपनीच्या अहवालात सापडणार नाही.